कासव हिरवं का केलंत?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन किट मागवलं आणि लोकरीत सुई टोचून ससा, पेंग्विन, कोल्हा असं बरंच काही केलं. नणंद म्हणाली, "छान आहे गं, पण हे सगळं कुठेतरी बघितलंय." ते मनाला लागलं. म्हणून आमच्या किनाऱ्यावर सोडतात तसं कासवाचं पिल्लू स्वतःच्या मनाने केलं, फोटो सोबत पाठवते आहे. तरी तेही किटमधलंच वाटतं. शिवाय त्याच्यापायी तीन सुया मोडल्या. काय चुकतंय?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : फोटो पाहिला. हात सफाईदार आहे, पाय अंगाला पक्के बसलेत. पण मला सांगा, कासव हिरवं का केलंत? राहता गुहागरात. सकाळी माणसांना अडवायला दोरी बांधून पाण्याकडे सोडतात ती ऑलिव्ह रिडलेची पिल्लं कधी हिरवी पाहिलीत? ओली असली की काळी, वाळली की राखाडी. पाठ जेमतेम चार सेंटीमीटर. पुढचे वल्ह्यासारखे पाय अंगाच्या मानाने भलतेच लांब, आणि नाकाच्या शेंड्यावर अंडं फोडायचा पांढरट टोच. तुमच्या कासवाला गोल डोळे आणि हसू आहे. ते मोबाइलमधून आलंय. नणंद खरं बोलली.

पुढच्या हंगामात वही-पेन्सिल घेऊन किनाऱ्यावर बसा. मग पिल्लू खऱ्या मापाचं करा, आणि रंगवलेली लोकर न घेता. दख्खनी मेंढीची लोकर मुळातच काळी मिळते. घोंगडीवाल्यांकडे मागताना 'पिंजलेली' म्हणून मागा, सूत नको. मेरिनो मेंढीची लोकर मऊ खरी, पण किटमध्ये येते ती विंचरून सरळ केलेली असते, घट्ट बसायला वेळ घेते. दख्खनी भरड, केस बाहेर डोकावतात. डोकावू द्या. वाळूतून आलेलं पिल्लू काही इस्त्री करून येत नाही.

माझंच सांगते. टोचताना लोकरीखाली ठेवायला वेंगुर्ल्यात फोम मिळेना, म्हणून गोणपाटात उकडे तांदूळ भरून उशी शिवली. श्रावणात तिच्यातून पोरकिडे चालत बाहेर आले. सासूबाई म्हणाल्या, "गो, सुयो टोचून तुका पोरकिडेच गावले!" मग जुन्या गादीतला काथ्या दाबून त्यावर काम केलं, तर काथ्याचे धागे कासवाच्या पोटाला चिकटून आले. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात आणि सुईच्या कडेला खाचा. खाचा तंतू आत ओढतात, खवले एकमेकांत अडकतात. काथ्याला खवले नाहीत, तो नुसता लोकरीच्या तावडीत सापडतो. मी ते धागे उपटायला घेतले आणि थांबले. ओल्या पोटाला किनाऱ्यावरचा कचरा असाच चिकटतो. आता मुद्दाम लावते. हे मला कुठल्या किटने शिकवलं नसतं.

आता सुया. ज्या कोनात आत गेली त्याच कोनात बाहेर काढा. आत असताना सुईने लोकर उचकायला गेलात की मोडलीच. सुरुवातीला जाड ३६ नंबर, अंगाला ३८, शेवटी वरवरच्या सफाईला ४०. आकड्यांची गंमत अशी की नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. बारीक सुईने घट्ट गोळा टोचत बसणं हेही मोडण्याचं एक कारण.

पावसाळ्यात सुया घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, सोबत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. खोबरेल लावू नका, लोकरीला डाग पडतात. कसर लागल्याचा संशय आला तर लोकर दोन पिशव्यांत बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये. माझी सुरमईच्या शेजारी असते. घरात यावरून दरवर्षी एकदा वाद होतो.

प्रश्न : बाजारात विणकामाची 'लोकर' मिळते, ती चालेल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : तिच्यातली बरीचशी ॲक्रिलिक असते. एक तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळल्याचा वास येऊन चुरडणारी राख झाली तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. ॲक्रिलिकही सुईने थोडंफार गुंततं, डोळे-मिशांपुरतं वापरा. अख्खं अंग त्याचं करू नका, ढिलं राहतं. आणि हे प्रयोग खिडकीपाशी, पाण्याची वाटी जवळ ठेवून.