घोडी दमते, की पट्टा चकवतो?

प्रश्न : माझी सात वर्षांची काठेवाडी घोडी ४० किलोमीटर सहज करायची. आता दहा-बारा किलोमीटरनंतरच रेंगाळते. ठोके मोजणारा पट्टा आणला, तर दुडकीत आकडा ११० वरून एकदम २२० होतो. हृदयात दोष असेल का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : नेमका दुप्पट आकडा दिसला की आधी संशय पट्ट्यावर घ्यावा. घोड्याच्या ईसीजीत ठोक्याच्या मुख्य लाटेनंतर येणारी 'टी' लाट मोठी असते. यंत्र कधीकधी तिलाही ठोका धरतं. कोरड्या इलेक्ट्रोडमुळेही आकडे उड्या मारतात. एक इलेक्ट्रोड डावीकडे खोगिराखाली, दुसरा तंगाखाली (खोगीर पोटाखालून आवळतात त्या पट्ट्याखाली) डाव्या कोपरामागे ठेवा. दोन्हीकडचे केस मिठाच्या पाण्याने चिंब भिजवून जेल लावा. मग घोडी उभी असताना स्टेथोस्कोपने १५ सेकंद मोजून चारने गुणा. 'लब-डब' मिळून एकच ठोका. विश्रांतीत २८ ते ४४ हवेत. मधूनच, ठरावीक अंतराने एखादा ठोका गळत असेल आणि चालवल्यावर ते थांबत असेल, तर घाबरू नका. लय अगदीच बेताल असेल, तर मात्र ईसीजी काढाच.

पट्टा ठीक असेल, तर आठवड्यातून एकदा तीच चाचणी घ्या. पहाटे, तोच रस्ता, तोच स्वार, तेच खोगीर. १० मिनिटं चाल, मग ताशी १४ किलोमीटरने २ किलोमीटर दुडकी, म्हणजे साधारण साडेआठ मिनिटं. वेगासाठी फोनचं जीपीएस पुरेसं. थांबल्यावर २, ५ आणि १० मिनिटांनी ठोके टिपा. तयारीच्या घोडीचे ठोके दहाव्या मिनिटाला ६४ च्या आत यावेत. एखाद्या दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नका. मेमधल्या वडोदऱ्यात पहाटेचा उकाडाही तो वाढवतो. त्याच वेगाला आकडा आठवड्यागणिक चढत गेला, तर खरी काळजी.

तेव्हाही आधी पाय बघा. कामगिरी घसरण्यामागे हृदयापेक्षा लपलेलं लंगडणं कितीतरी जास्त वेळा असतं, आणि वेदनेनेही ठोके चढतात. कडक सपाट जमिनीवर, दोर सैल सोडून दुडकी करवा आणि फोनच्या स्लो मोशनमध्ये समोरून, मागून, बाजूने चित्रण करा. दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर जातं. मागच्या पायाचा दोष पुठ्ठ्याच्या, म्हणजे कुल्ह्याच्या, हालचालीत दिसतो, पण तो हेरणं अवघड. डोकं आणि पुठ्ठ्यावर सेन्सर लावणारे पशुवैद्य मिळाले, तर तेच बरं.

पाय निर्दोष निघाले, तर रक्त तपासा. पावसाळ्यानंतर चावऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो: ताप येतो-जातो, रक्त कमी होतं, घोडी खाऊनही खंगते. रोज गुदद्वारातलं तापमान लिहून ठेवा, ३८.५ अंशांवर गेलं, तर त्याच वेळी रक्ताचा नमुना द्या, कारण ताप नसताना परजीवी नमुन्यात सापडेलच असं नाही.