मुळशीचा आंबेमोहोर एनआयआर यंत्राने ओळखता येईल का?

तुम्ही विचारलंय की, शेतकरी गटाने हातात धरायचं एनआयआर यंत्र (दाण्यावर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकून तपासणारं) घेतलं तर आपला आंबेमोहोर मुळशीचाच आहे हे खरेदीदाराला दाखवून देता येईल का. निव्वळ त्यासाठी हा खर्च करू नका.

हे यंत्र दाण्यातलं पाणी, स्टार्च, प्रथिनं, तेल यांचा अंदाज देतं. कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला हे दाखवणाऱ्या त्याच्या आलेखात १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास जे ठळक उंचवटे दिसतात, ते पाण्याचे. या घटकांतल्या बारीकसारीक फरकांवरून संगणक प्रदेशाचा अंदाज बांधतो. पण ते फरक वाण, खत, पाऊसमान, साठवण यांनीही पडतात. सगळ्यात जास्त फसवतं ते पॉलिश. तेल आणि खनिजं कोंड्यात एकवटलेली असतात. तुमचं भात एका गिरणीत कमी पॉलिश केलेलं आणि बाहेरचं दुसरीकडे पांढरंशुभ्र केलेलं असेल, तर संगणकाचं मॉडेल प्रदेशाऐवजी गिरणी ओळखायला शिकतं आणि अचूकतेचा आकडा भरघोस येतो! म्हणून सगळे नमुने एकाच गिरणीत सारखे भरडायचे, ओलावा सारखा करायचा आणि मॉडेलची परीक्षा पुढच्या हंगामाच्या भातावर घ्यायची. हे न करता कोणी आकडे दाखवले तर मी ते धरत नाही.

जमिनीशी थेट नातं सांगतात ती स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याची समस्थानिकं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे त्याचे अणू. रुबिडियम-८७ चा ऱ्हास होऊन स्ट्रॉन्शियम-८७ तयार होतं, त्यामुळे जुन्या ग्रॅनाइटच्या प्रदेशात त्याचं स्ट्रॉन्शियम-८६ शी गुणोत्तर जास्त असतं. आपला बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, त्यात ते साधारणपणे कमी. रोप हे गुणोत्तर जवळजवळ जसंच्या तसं उचलतं. मात्र खंडाळ्याकडच्या ‘बुशे’ थरांत ते बेसॉल्ट असूनही चढं असतं, म्हणून पुस्तकी आकड्यावर न जाता तुमच्याच खाचरांतल्या माती-भाताचे नमुने आधी तपासायला हवेत. ही मोजणी मास स्पेक्ट्रोमीटरवर (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र), प्रयोगशाळेतच होते. ग्रॅनाइटच्या भागातून आलेला तांदूळ त्यात उघडा पडू शकतो. तशाच बेसॉल्टवरचा, शेजारच्या मावळ-भोरचा वेगळा काढता येईल अशी आशा ठेवू नका. वाणाबद्दलच शंका असेल तर डीएनए चाचणी करा, पण ती गाव सांगत नाही.

मुळशीच्या आंबेमोहोरला भौगोलिक मानांकन आहेच. माझ्या मते गटाने आधी प्रत्येक शेतकऱ्याचं क्षेत्र, झालेलं भात आणि विकलेला तांदूळ यांचा ताळा घालावा. जिथे वजन जुळत नाही, तोच माल प्रयोगशाळेत पाठवा.