रिव्हर सिटीत भांडं उलटं करून बघ

प्रिय मुली,

बँकॉकच्या मुक्कामात रिव्हर सिटीसाठी अख्खा दिवस राखून ठेवलास, फार चांगलं केलंस. चाओ फ्राया नदीच्या काठावर, सी फ्राया धक्क्याला लागूनच ती इमारत आहे. १९८०च्या दशकापासून तिथे कलावस्तू आणि पुराणवस्तूंचा व्यापार चालतो. खाली चित्रप्रदर्शनं असतात, तीही बघ. पण तुझा अभ्यास होणार तो वरच्या मजल्यांवरच्या दुकानांत.

त्याआधी एक सकाळ राष्ट्रीय संग्रहालयाला दे. सोमवारी-मंगळवारी ते बंद असतं. अस्सल वस्तूंवर नजर बसली नसेल, तर दुकानातलं सगळंच जुनं वाटू लागतं. दुकानात मात्र वस्तू हातात घेता येते, आणि त्यासाठीच तिथे जायचं. आधी विचार, अंगठ्या काढून ठेव, दोन्ही हातांनी धर.

सांगखालोक म्हणतात ती हिरवट झिलईची जुनी थाई भांडी माग. थायलंडमधल्याच सी सत्चनालाई गावच्या भट्ट्यांतली ही भांडी चौदाव्या ते सोळाव्या शतकात जहाजांनी फिलिपिन्स-इंडोनेशियापर्यंत जात. भांडं उलटं कर. तळाला बहुधा काळपट गोल वण दिसेल; भट्टीत ते मातीच्या पोकळ नळकांड्यावर ठेवत, त्याची ती खूण. जवळच्याच सुखोथाई या जुन्या राजधानीच्या भट्ट्यांतल्या ताटलीत वण आतल्या बाजूला असतात, ठिपक्यांसारखे, कारण एकीवर एक ताटल्या रचताना मध्ये खुंट्यांची चकती ठेवत. नकला करणारे हे वणही करतात, म्हणून तेवढ्यावर विसंबू नकोस. पण वस्तू कशी घडली ते तळच सांगतो, दर्शनी बाजू नाही. बेंचारोंगवरून मात्र नुसतं बोट फिरव. सयामी दरबारासाठी चीनमध्ये बनलेली ही रंगीत भांडी. रंग झिलईच्या वर असल्याने बोटाला किंचित उठाव लागतो.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. प्रत्येक दुकानात विचार, ही वस्तू आली कुठून? थायलंडमधल्या फनोम रुंगच्या देवळातली दारावरची शेषशायी विष्णूची शिला १९६०च्या दशकात नाहीशी झाली. पुढे ती शिकागोच्या संग्रहालयात सापडली आणि थाई लोकांनी आवाज उठवल्यावर १९८८मध्ये परत आली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने तर ‘गोल्डन बॉय’ ही ब्राँझची मूर्ती २०२४मध्ये थायलंडला परत केली. एवढ्या मोठ्या संस्थांकडे असं घडतं, तर दुकानातल्या घोट्यापाशी तुटलेल्या दगडी मूर्तीकडे बघताना तुला शंका यायलाच हवी. मागे कुठेतरी तिची पावलं राहिली आहेत. ‘जुन्या संग्रहातली आहे’ एवढंच उत्तर मिळालं, कागद एकही नाही, तर कितीही सुंदर असो, ती घेऊ नकोस. मला हे मनापासून वाटतं.

खरेदी करणारच असशील, तर थायलंडचा १९६१चा पुराणवस्तू कायदा लक्षात ठेव. जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. बुद्धमूर्ती नवी असली तरी परवानगी लागते. गळ्यात घालायचं बुद्धाचं लहानसं पदक मात्र परवानगीशिवाय चालतं. परवाना दुकानदार काढून देतो म्हणाला, तरी तो किती दिवसांत मिळेल आणि नाकारला गेला तर पैसे परत मिळतील का, हे पावतीवर लिहून घे. घडवलेली नवी वस्तू घेतलीस, तर ‘नवी’ असंही त्याच पावतीवर येऊ दे.

तुझा,
काका