पाणी समितीची वही कोणाकडे आहे?

गेल्या वेळी गावची पाणीयोजना चालवणाऱ्या पाणी समितीबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी पैशाबद्दल. वर्गणी कोणी भरायची, पट्टी किती लावायची, सरकारी अनुदान कुठे खर्च करायचं. मला याचा आनंदच झाला. वडोदरा जिल्ह्यातल्या गावांच्या पाणीयोजनांवर माझी सगळी नोकरी झाली, आणि नळ कोरडे पडलेल्या गावात मी आधी विहीर बघत नसे, समितीची जमाखर्चाची वही मागत असे. बिघाड बहुतेक वेळा तिच्यात सापडायचा.

आपल्या इथल्या मराठी घरांतले रोजचे शब्द तसेच ठेवले आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकांनी लोकफाळो म्हणजे लोकवर्गणी, पाणीवेरो म्हणजे पाणीपट्टी, फळियु म्हणजे आळी आणि तलाटी म्हणजे आपला ग्रामसेवक असं समजावं.

प्रश्न : आमच्या गावात नवी पाइपलाइन झाली. लोकफाळो गावात कोणीच दिला नाही, ठेकेदारानेच परस्पर भरला असं आता कळतंय. गावाचे पैसे वाचले, मग त्यात वाईट काय? (सावली तालुका)

गावाचे पैसे वाचले नाहीत, गावाचा हक्क गेला. ठेकेदार पदरचे पैसे घालत नाही. ते तो खोदाईतून, पाइपाच्या जाडीतून, सांध्यांतून वसूल करतो, आणि आपण काही विचारायला गेलो की समितीतलं कोणीतरी खाली बघतं.

नियम असा आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावाच्या आतल्या कामाच्या खर्चापैकी १० टक्के वाटा गावाने उचलायचा. डोंगराळ व जंगलभागातल्या गावांत आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत तो ५ टक्के आहे. रोखीनेच द्यायचा असंही नाही. सामान द्या, श्रमदान करा. योजना नीट उभी राहिली की गावाला आतल्या कामाच्या खर्चाच्या १० टक्के रक्कम प्रोत्साहन म्हणून मिळण्याची तरतूद आहे आणि ती मोडतोडीसाठी फिरता निधी म्हणून ठेवायची असते. म्हणजे प्रामाणिकपणे भरलेला वाटा गावाच्याच उपयोगी पडतो.

वाघोडिया बाजूच्या एका गावातला प्रसंग सांगतो. फळियाच्या तोंडाशी चर खणणं चालू होतं. एक म्हातारी घरातून काठी घेऊन आली. काठीवर तिने कोळशाने तीन फुटांची खूण केली होती, कारण पाइप तीन फूट खाली जाईल असं ग्रामसभेत वाचून दाखवलं होतं. तिने काठी चरात उभी केली. खूण जमिनीच्या वर हातभर राहिली. मुकादम काही बोलायच्या आत ती म्हणाली, ‘‘में पांचसो भर्या छे.’’ मी पाचशे भरलेत. काम थांबलं, दोन दिवसांनी चर पुन्हा खणला गेला. दीड फुटावर पाइप टाकला असता तर उसाचा पहिला ट्रॅक्टर जाताच तो चेपला असता. त्या पाचशे रुपयांनी म्हातारीला चरापर्यंत आणलं. फुकटच्या पाइपासाठी काठी घेऊन कोणी येत नाही.

आता तुम्ही काय कराल? समितीच्या खात्याचं पासबुक ग्रामसभेत मागा. लोकफाळो कोणत्या तारखेला, कोणाकडून जमा झाला ते त्यात दिसेल. योजना ताब्यात घेतल्याची सही झाली नसेल तर ती थांबवा आणि आधी तीन गोष्टी मिळवा : प्रत्यक्ष टाकलेल्या लाइनचा नकाशा, प्रत्येक व्हॉल्व्हची जागा, मोटरची बिलं व वॉरंटीचे कागद. सही झाली असेल तरी हे कागद मागा. वास्मोच्या, म्हणजे राज्याच्या पाणी व स्वच्छता व्यवस्थापन संस्थेच्या, जिल्हा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ही संस्था गुजरात सरकारने २००२ मध्ये काढली ती गावांनी आपल्या योजना स्वतः चालवाव्यात म्हणूनच.

प्रश्न : आमच्याकडे घरटी वर्षाला २०० रुपये पाणीवेरो आहे. मोटर जळली की तीन आठवडे टँकर. वेरो किती असावा? (पंचायत सदस्य, डभोई तालुका)

शेजारच्या गावाचा आकडा उचलू नका. आपला खर्च कागदावर मांडा. नमुना म्हणून दोन हजार वस्तीचं, चारशे घरांचं गाव घेऊ.

माणशी ५५ लिटर या हिशेबाने रोज १ लाख १० हजार लिटर पाणी लागतं. बोअरवर १० हॉर्सपॉवरची मोटर रोज सहा तास चालली तर सुमारे ५० युनिट जळतात. युनिटला ७ रुपये धरा, महिन्याचे साडेदहा हजार झाले. ऑपरेटरला ६,००० द्या. ब्लीचिंग पावडर आणि किरकोळ दुरुस्ती मिळून ५,५००. एकूण २२,०००. बहुतेक गावं इथे पेन खाली ठेवतात, आणि टँकर येतो तो नेमका यामुळे. मोटर, केबल, स्टार्टर कधी ना कधी जाणारच, म्हणून त्यांच्यासाठी दरमहा ६,००० बाजूला काढा. झाले २८,०००. चारशे घरांत वाटले तर घरटी ७० रुपये. पण चारशेच्या चारशे घरं भरत नाहीत. ३२० भरतील असं धरलं तर महिना साडेसत्त्याऐंशी, म्हणजे वर्षाला १,०५० रुपये.

आता तुमचे २०० बघा. प्रत्येक घराने भरले तरी वर्षाला ८०,००० जमतात. याच नमुन्यात नुसतं वीजबिल १ लाख २६ हजार आहे. म्हणजे मोटर जळायच्या आधीच योजना तोट्यात आहे.

२०० वरून एकदम हजारावर गेलात तर गाव उठेल, आणि त्याचं चुकणार नाही. आधी तीन महिने वीजबिल पंचायतीच्या फळ्यावर लावा. लोकांना बिल दिसू द्या. मग दोन टप्प्यांत वाढवा. वसुली कापूस विकला जातो त्या दिवसांत ठेवा, आषाढात दारोदार फिरून काही मिळत नाही. ज्यांना खरंच झेपत नाही त्यांची माफी ग्रामसभेत, सर्वांसमोर ठरवा. कपाटात ठरलेली माफी पुढल्या वर्षी चाळीस घरं मागतात. वेरो लावायचा अधिकार पंचायत कायद्याने ग्रामपंचायतीला दिलेला आहे. समितीने हिशेब मांडायचा, ठराव पंचायतीने करायचा, आणि पैसा पाण्याच्या वेगळ्या खात्यात जायला हवा. वीजबिलाचे पैसे दिवाबत्तीच्या पैशांत मिसळले की दोन्ही कळेनासे होतात.

प्रश्न : वित्त आयोगाच्या पैशातून सरपंचांना पेव्हर ब्लॉक बसवायचे आहेत. तलाटी म्हणतात ते पाण्यासाठी राखीव आहेत. कोणाचं खरं? (करजण तालुका)

पैसा कोणत्या भागातला आहे त्यावर ठरेल. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचवले. त्यातले ६० टक्के बांधील : निम्मे पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि वापरलेल्या पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, फक्त पगार आणि आस्थापनेवर नाहीत. पेव्हर ब्लॉक बसले तर या ४० मध्ये बसतील. पाण्याच्या वाट्यात नाही. इथे तलाटींचं बरोबर आहे.

एप्रिल २०२६ पासूनचा काळ सोळाव्या आयोगाचा. त्या अनुदानाच्या अटी तालुका पंचायतीतून लेखी मागून घ्या, तोंडी ऐकलेल्यावर ठराव करू नका. आणि आपल्या पंचायतीचा आराखडा व झालेला खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतो. गावातल्या कॉलेजला जाणाऱ्या एखाद्या मुलीला तो मोबाइलवर उघडायला सांगा.

प्रश्न : लग्न होऊन या गावात आले, मराठीच्या नादात गुजराती अजून अडखळतं. मला पाणी समितीत घेतलंय, पण सहीपुरतं. वही घरी येते, सासरे दाखवतात तिथे सही करते. मी काय करू शकते? (पादरा तालुका)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असं जल जीवन मिशनची मार्गदर्शिका सांगते, आणि तुमच्यासारख्या कितीजणींनी ती संख्या पूर्ण केली आहे ते मी पाहिलंय.

भांडणाने सुरुवात करू नका. पाण्याच्या तपासणीने करा. प्रत्येक गावातल्या पाच स्त्रियांना तपासणी किट वापरायचं शिक्षण देण्याची सोय या योजनेत आहे. त्यात नाव घाला. मग रोज सकाळी दोन नळ बघा, एक टाकीजवळचा आणि एक गावाच्या शेवटच्या घरचा. पाण्यात किटमधल्या औषधाचे थेंब टाकले की, क्लोरिन असेल तर, ते पिवळं होतं, रंग पट्टीशी जुळवायचा. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेलं हवं. पिवळेपणा आलाच नाही तर बहुधा त्या दिवशी ब्लीचिंग पडलेलं नाही, किंवा पावडर जुनी होऊन तिचा जोर गेलाय. पोतं उघडं राहिलं की तो जातोच. १ लाख १० हजार लिटरच्या टाकीत लिटरमागे २ मिलिग्रॅमचा डोस द्यायचा तर २५ टक्के जोराची पावडर साधारण ८८० ग्रॅम लागते. महिन्याला सव्वीस किलोच्या वर. आता वहीतलं पावडरीचं बिल काढा आणि या आकड्याशी ताडून बघा.

तारीख, नळ, रंग एवढं एका वहीत मराठीतच लिहा. महिनाभराची ती वही बैठकीत पुढे ठेवलीत की गुजराती अडखळलं तरी चालेल. सही मात्र बैठकीतच, इतिवृत्त वाचून झाल्यावर. सासऱ्यांना सांगा, ‘‘बाबा, उद्या चौकशी आली तर सही माझी आहे.’’ हे त्यांना पटेल. पादरा पट्ट्यात कारखान्यांच्या सांडपाण्याने भूजल बिघडल्याच्या तक्रारी जुन्या आहेत, तेव्हा वर्षातून एकदा नमुना प्रयोगशाळेतही पाठवा. किटला सगळं कळत नाही.

प्रश्न : आमचं फळियु शेवटी. पाणी सुटतं तेव्हा वरची घरं नळाला मोटर लावतात, आमच्याकडे फुसफुस हवा येते. तक्रार केली तर भांडण. (शिनोर तालुका)

नळाला लावलेली मोटर नुसतं जास्तीचं पाणी घेत नाही, लाइनमध्ये ओढ निर्माण करते. त्या ओढीने सैल सांध्यांतून गटाराचं पाणी आत येतं आणि ते मोटरवाल्याच्याही हंड्यात जातं. हे त्याला आजाराच्या भाषेत सांगा, चोरीच्या नको.

उपाय व्हॉल्व्हमध्ये आहे. गावाचे दोन-तीन भाग करून प्रत्येकाला वेगळी वेळ द्यायची, शेवटच्या भागाला पहिली. वरच्या भागाच्या वेळेला फळियाची वीज पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवता येते का ते वीज कंपनीला विचारून बघा. काही ठिकाणी याने मोटरांची सवय सुटली. ऑपरेटर मात्र समितीने नेमलेला आणि समितीनेच पगार दिलेला हवा. ज्याचा पगार वरच्या फळियातून येतो तो वरचाच व्हॉल्व्ह आधी उघडतो.

प्रश्न : प्रादेशिक योजनेचं पाणी आलं. आता जुनी सार्वजनिक विहीर बुजवून तिथे सभामंडप बांधायचा ठराव येतोय. (नवापूर, जि. नंदुरबार)

बुजवू देऊ नका. पन्नास गावांची योजना म्हणजे एक मोठी मोटर, एक लांब पाइप आणि एक वीजजोडणी. यातलं एक बिघडलं की पन्नास गावं एकदम कोरडी. गुजरातमध्ये नर्मदेचं पाणी गावोगाव पोचलं तेव्हा अशा कित्येक विहिरी कचऱ्याने भरल्या. पुढे पाइप फुटला त्या आठवड्यात तिथल्या बाया पाण्यासाठी कुठे गेल्या ते मी पाहिलंय.

सभामंडपाला दुसरी जागा मिळेल. विहिरीला जाळी बसवा, गाळ काढा, जवळच्या छपरांचं पहिल्या पावसानंतरचं पाणी गाळणीतून तिच्या शेजारच्या शोषखड्ड्यात सोडा. पाण्याच्या राखीव अनुदानाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. महिन्यातून एकदा तिचा पंप तासभर चालवा, नाहीतर गरजेच्या दिवशी तो जाम झालेला असेल. आणि दर अमावास्येला दोरीला दगड बांधून पाणी किती खाली आहे ते मोजा, हातात किंवा फुटात, जसं जमेल तसं, आणि समितीच्या वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा.