कोल्हापुरात मेकॅनिकल शिकतोय, समुद्र जवळ नाही. स्वयंचलित जहाजांच्या क्षेत्रात जाता येईल का?

हो, येईल, समुद्र जवळ नसल्यानं फारसं अडत नाही. या जहाजांचं बरंचसं काम सेन्सर, कंट्रोल सिस्टीम आणि सिम्युलेशनचं असतं, आणि ते अनेक ठिकाणी कंपनी आणि विद्यापीठ मिळून करतात. नॉर्वेचं उदाहरण घ्या: ट्रॉन्डहाइमच्या एनटीएनयू विद्यापीठात तयार झालेल्या 'मिलीअँपिअर २' या विजेवरच्या छोट्या स्वयंचलित फेरीबोटीनं २०२२ मध्ये शहरातल्या कालव्यावर लोकांची ने-आण केली (सुरक्षेसाठी एक माणूस बोटीवर होताच). त्याच संशोधनातून 'झीबझ' ही कंपनी निघाली. म्हणजे सुरुवात कालव्यावर झाली, भर समुद्रात नव्हे.

तुम्ही आत्ता कंट्रोल सिस्टीम, पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि आरओएस (रोबो चालवण्यासाठीचं सॉफ्टवेअर) पक्कं करा. पुढे आयआयटी मद्रास किंवा खरगपूरचा ओशन इंजिनिअरिंग विभाग बघा. एमटेक प्रवेशाच्या गेट परीक्षेत २०२२ पासून नेव्हल आर्किटेक्चर अँड मरीन इंजिनिअरिंग हा वेगळा पेपर आहे. प्रोजेक्टसाठी दूरनियंत्रित छोटी बोट जमेल, सुटे भाग शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत करून मिळतील. रंकाळा तलावात सोडायची असेल तर महापालिकेची परवानगी आधी घ्या.

एक मात्र लक्षात ठेवा: पूर्ण मनुष्यविरहित जहाजांवर लगेच नोकऱ्यांचा पाऊस पडणार नाही. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम आजही 'डोळ्यांनी आणि कानांनी' टेहळणी ठेवायला सांगतो. कॅमेऱ्यानं ती अट पुरी होते का, यावर वाद आहे. तोवर खरी मागणी चालकदलाला मदत करणाऱ्या यंत्रणांची.