मॅकग्रेगर कुळाचा इतिहास काय आहे आणि त्यांचं टार्टन बाहेरच्या माणसाने घातलं तर चालतं का?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की मॅकग्रेगर आडनावाच्या सहकाऱ्याचं स्कॉटलंडमध्ये लग्न आहे, तुम्हाला किल्ट (पुरुष घालतात तो चुण्यांचा घागरा) भाड्याने घ्यायचाय आणि दुकानदाराने 'मॅकग्रेगर'च म्हणून तीन-चार वेगवेगळी टार्टन, म्हणजे चौकडीची लोकरी कापडं, पुढ्यात टाकली. त्यातलं खरं कोणतं, आणि आपण घातलं तर कुणाला खटकेल का?

घाला, बिनधास्त घाला. कायद्याची आडकाठी नाही. 'खरं कोणतं' याचं उत्तर मात्र लांबणार आहे, कारण या कुळाचं नाव खूप जुनं आहे आणि कापड त्यामानाने कालपरवाचं. माझं बालपण इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे मी एरवी आधी कापड बघतो. इथे आधी नावाचं बघू.

मॅकग्रेगर मूळचे ग्लेन ऑर्की आणि ग्लेनस्ट्रे या पश्चिमेकडच्या दऱ्यांमधले. 'माझा वंश राजाचा' असं त्यांचं गेलिक भाषेतलं ब्रीद. पण राजवंशी म्हणवून जमीन टिकत नाही, त्याला कागद लागतात, आणि कागद करून घेण्यात शेजारचे कॅम्पबेल फार तरबेज होते. एकेक दरी त्यांच्या नावावर होत गेली आणि मॅकग्रेगर आपल्याच गावात दुसऱ्याच्या जमिनीवर खंडकरी म्हणून राहायला लागले, तेही मालकाची मर्जी असेपर्यंत. मग गुरं पळवणं, लूटमार, सूड हे ओघाने आलंच. त्यांना साधुसंत ठरवायचं काही कारण नाही.

७ फेब्रुवारी १६०३ रोजी लॉक लोमंड या सरोवराजवळच्या ग्लेन फ्रूइन दरीत त्यांनी कोलकहून कुळाची शंभरावर माणसं कापली. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स तेव्हा इंग्लंडचं सिंहासन मिळाल्यामुळे लंडनला निघायच्या घाईत होता. निघण्याच्या दोनच दिवस आधी, ३ एप्रिल १६०३ला, हुकूम निघाला की मॅकग्रेगर हे नावच रद्द. ते नाव लावणाऱ्याला मृत्युदंड. पुढच्या काही वर्षांत आणखी कलमं वाढली: चारांपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही, आणि जवळ हत्यार म्हणून फक्त जेवताना मांस कापायची, टोक मोडलेली सुरी.

कुळाचा प्रमुख अ‍ॅलिस्टर याला आर्गाइलच्या अर्लने, म्हणजे पुन्हा एका कॅम्पबेलनेच, स्कॉटलंडबाहेर सुखरूप पोचवायचा शब्द दिला होता. शब्द अक्षरशः पाळला. सरहद्द ओलांडून त्याला इंग्लंडातल्या बेरिक गावी नेलं आणि तिथूनच मागे फिरवून एडिंबराला आणलं. २० जानेवारी १६०४ला अ‍ॅलिस्टर आणि त्याच्या साथीदारांना फाशी झाली. प्रमुख म्हणून त्याचा फास इतरांपेक्षा त्याच्या उंचीइतका वर बांधला होता. मरण्यापूर्वीच्या जबानीत त्याने सांगितलं की या भांडणांना आतून फूस आर्गाइलचीच होती.

१६६१मध्ये दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली, १६९३मध्ये ती परत आली आणि कायमची गेली १७७४मध्ये. एवढा काळ ही माणसं मरे, ड्रमंड, ग्रॅहम, स्टुअर्ट अशी आडनावं लावून जगली. काहींनी तर कॅम्पबेलसुद्धा लावलं. स्कॉटलंडमध्ये सगळ्यांना ठाऊक असलेला बंडखोर लोकनायक रॉब रॉय मॅकग्रेगर कागदोपत्री कॅम्पबेल होता (ते त्याच्या आईचं माहेरचं आडनाव). तो १७३४मध्ये वारला. बाल्विडरच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर इंग्रजीत कोरलंय, 'मॅकग्रेगर, त्यांच्या नाकावर टिच्चून'. शब्दशः नाही, पण सूर तोच.

आता मराठी वाचकाने दोन मिनिटं थांबावं असा भाग. बंदी उठल्यावर ८२६ जणांनी सह्या करून जॉन मरे ऑफ लॅनरिक यांना कुळाचा प्रमुख मानलं. हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेतले अधिकारी. त्यांचा मुलगा इव्हान हाही सैन्यात होता. जानेवारी १८१८च्या मंदसोरच्या तहात होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडला. त्यात खानदेशातला तापीकाठचा थाळनेर किल्लाही होता, पण किल्लेदार तुळशीराम मामा तो देईना. २७ फेब्रुवारीला इंग्रजांच्या जनरल हिस्लॉपच्या फौजेने तोफा लावल्या. वाटाघाटी चालल्यात की शरणागती झालीय याचा गोंधळ असताना काही गोरे अधिकारी दिंडी दरवाजातून आत शिरले आणि आतल्या अरब शिबंदीने त्यांच्यावर शस्त्रं चालवली. मेजर गॉर्डन आणि मॅकग्रेगर नावाचा एक कॅप्टन तिथेच मेले, लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे खंजिरांचे वार खाऊन वाचला. तोच हा इव्हान. नंतर शिबंदीची सरसकट कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिली. त्या फाशीवर पुढे ब्रिटनमध्येही टीका झाली. धुळे जिल्ह्यात शिरपूरकडे गेलात तर थाळनेर वाटेवर आहे, बघून या.

१८२२मध्ये या घराण्याने राजाची परवानगी घेऊन मॅकग्रेगर हे नाव अधिकृतपणे परत घेतलं. त्याच उन्हाळ्यात वडील वारले आणि इव्हान प्रमुख झाला. ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला. सोहळ्याची आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटकडे होती, आणि स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड, तलवार किल्ल्यातून राजवाड्यात नेताना पहाऱ्याला सर इव्हान आणि त्याचे मॅकग्रेगर होते. ज्यांना चारांच्या वर जमायची मनाई होती, त्यांच्याच हाती राजमुकुटाची राखण.

आणि इथे कापड येतं. १८२२च्या त्या सोहळ्यासाठी जो तो 'आमच्या कुळाचं टार्टन' शोधत सुटला. चौकडीचं लोकरी कापड हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर-पश्चिम भागात, कित्येक पिढ्या होतंच. पण त्याचे रंग नि पट्टे ठरायचे ते तिथला विणकर, हाताशी असलेले रंग आणि घेणाऱ्याची ऐपत यांवर. अमुक आडनावाला अमुक चौकट असा नियम नव्हता. कलोडनच्या लढाईत हायलँडमधल्या बंडखोरांचा सरकारी फौजेने पराभव केल्यानंतर १७४६च्या कायद्याने पुरुषांच्या हायलँड पोशाखावर बंदी आली, ती १७८२मध्ये उठली. १८१५मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळप्रमुखांकडे टार्टनचे अधिकृत नमुने मागितले, तेव्हा आपलं टार्टन कोणतं हेच काहींना ठाऊक नव्हतं. हा गोंधळ बॅनकबर्नच्या विल्सन या कारखानदारांच्या पथ्यावर पडला. त्यांच्याकडे आधी नुसत्या नंबराने विकली जाणारी डिझाइनं होती, त्यातल्या कित्येकांना कुळांची नावं चिकटली. मला यात फसवणूक वाटत नाही. गिऱ्हाईक नाव मागत होतं, त्यांनी दिलं.

म्हणून 'खरं' हा शब्द सोडा आणि दुकानातलं कापड ओळखायला शिका. मॅकग्रेगरचं नेहमीचं टार्टन म्हणजे लाल जमीन, हिरवे रुंद पट्टे आणि काळ्या काठाची बारीक पांढरी रेघ. दुसरं 'रॉब रॉय': लाल नि काळे सारख्या रुंदीचे चौकोन, बाकी काही नाही. खुद्द रॉब रॉयने ते वापरल्याचा पुरावा नाही, पण तुमच्या कपाटातला लाल-काळ्या चेक्सचा जाड शर्ट बहुधा याच डिझाइनचा असेल. शिवाय ग्लेनगाइल आणि कार्डनी या शाखांची वेगळी आहेत. आणि एकच डिझाइन 'मॉडर्न', 'एन्शंट', 'वेदर्ड' अशा छटांत मिळतं. यातल्या एन्शंटचा वयाशी संबंध नाही, ती फक्त फिकी छटा. तुम्हाला दाखवलेल्या तीन-चारांपैकी दोन तरी अशीच निघतील.

रॉब रॉयचं कापड हातात आलं तर डोळ्यांजवळ धरून बघा. ताण्यात (उभ्या सुतांत) जो क्रम तोच बाण्यात (आडव्या सुतांत), आणि वीण दोनवर-दोनखाली अशी तिरपी. लालवर लाल आलं की भरीव लाल, काळ्यावर काळं आलं की भरीव काळं, आणि उरलेल्या निम्म्या कापडात लाल-काळ्या तिरक्या रेघा, ज्या दोन हातांवरून किरमिजी दिसतात. दोन रंगांच्या सुतातून तीन रंग. नेहमीच्या मॅकग्रेगरमध्ये चार सुतं आहेत, म्हणजे चार शुद्ध आणि सहा मिश्र, एकूण दहा. टार्टनमधली गंमत मला या हिशेबात जास्त वाटते, आडनावात कमी.

आता तुमच्या लग्नाचं. सहकाऱ्याला आधी विचारा, कारण नवऱ्याकडची मंडळी एकच टार्टन घालणार असतील तर पाहुण्याने तंतोतंत तेच घालणं फोटोत विचित्र दिसतं. तसं असेल तर ब्लॅक वॉच किंवा रॉयल स्टुअर्ट घ्या. ती सर्रास कुणीही घालतं. फक्त राजघराण्याच्या बाल्मोरल टार्टनच्या वाटेला जाऊ नका, आणि दुकानदार सहसा ते दाखवणारही नाही. घरी आणल्यावर वरचा पदर उजव्या बाजूला येतो ना, ते बघा. किल्टची पिन फक्त त्या वरच्या पदराला लावायची. दोन्ही पदर मिळून टोचले तर खुर्चीत बसताच कापड ताणलं जाऊन फाटतं आणि भाड्याच्या दुकानात डिपॉझिट जातं.