वाचकांचे प्रश्न : सायकल कुठल्याच वेगाला स्थिर होत नाही

प्रश्न : सायकलच्या तोलाचे गणित मांडणाऱ्या व्हिपल यांच्या 1899 च्या मॉडेलवरून सायकलचा प्रोग्राम लिहिला. पण झुकाव आणि हँडल यांची समीकरणे सोडवल्यावर ती कुठल्याच वेगाला आपोआप तोल सावरत नाही. चूक कुठे असेल? मोटरसायकलच्या हँडलची थरथर याच मॉडेलमध्ये दिसेल का?

उत्तर : स्वतःची सायकल बाजूला ठेवा आणि आधी 2007 च्या शोधनिबंधात प्रोग्राम पडताळण्यासाठी दिलेल्या प्रमाण सायकलची 25 मापे भरा. ती सेकंदाला सुमारे 4.3 ते 6.0 मीटर या वेगात स्थिर असते. त्याखाली नागमोडी डोलते, त्यावर हळूहळू कलंडते.

वेग शून्य ठेवून आयगेन व्हॅल्यू (डोलणे वाढते की शमते, आणि किती झपाट्याने, हे सांगणारे आकडे) काढा. ±3.13 आणि ±5.53 आल्या नाहीत, तर दोष वस्तुमानाच्या किंवा गुरुत्वाच्या मॅट्रिक्समध्ये आहे. बहुतेकदा गोंधळ चिन्हाचा असतो. त्या मापांत झेड हा उभा अक्ष खाली जातो, म्हणून स्वारासह मागच्या सांगाड्याचा गुरुत्वमध्य −0.9 मीटरवर येतो. तुम्ही अक्ष वर धरला असेल, तर जडत्वाच्या 2.4 या मिश्र (एक्स आणि झेड अक्षांना जोडणाऱ्या) पदाचेही चिन्ह उलटवा. हे हमखास राहून जाते. हँडलच्या अक्षाचा कल 18 अंश आहे, तो रेडियनमध्येच द्या.

शून्य वेगाला जुळले आणि सेकंदाला 5 मीटर वेगाला −0.775 ± 4.46i, −0.323, −14.08 आले नाही, तर चाके तपासा. पुढच्याचे जडत्व भागिले त्रिज्या 0.8 यायला हवे, मागच्याचे 0.4.

थरथर मात्र नीट दिसणार नाही. या मॉडेलमध्ये चाक म्हणजे न घसरणारी पातळ कड आहे. थरथरीसाठी टायरचे बाजूचे बल आणि ते तयार व्हायला लागणारा उशीर घालावाच लागतो, जसा शार्प यांनी 1971 मध्ये मोटरसायकलच्या मॉडेलमध्ये घातला.